मधल्या तीन ओळी

यवतमाळ
१२ जून १९६४

आदरणीय खेमसिंग गुरुजी,

जय भीम. आपली ओळख नाही, म्हणून आधी माझी सांगते. मी सत्यशीला मानवटकर. माहेर नेरचं, वडील डोमाजी तिथल्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. दोन महिन्यांपासून मी इथल्या लोकगीत संग्रह मंडळात लेखनिक आहे. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिलीच, त्यामुळे लिहिलेल्या शब्दावर माझा जरा जास्तच विश्वास आहे, असं घरचे म्हणतात.

मंडळाचे भगवानराव पांढरीपांडे १९५७ साली आपल्या दारव्ह्याजवळच्या तांड्यावर आले होते, हे आपल्याला आठवत असेल. तांड्यात वीज नव्हती, म्हणून जीपच्या बॅटरीवर यंत्र चालवून त्यांनी गाणी टेपवर घेतली. त्या फिती ऐकून शब्द उतरवायचे आणि मराठी अर्थासह पुस्तक करायचं, हे माझं काम. त्यातल्या तीन फितींवर एकच आवाज आहे. वहीत नाव आहे, ‘मोतीबाई, खेमसिंग गुरुजींची बहीण’.

आपली बंजाऱ्यांची गोरबोली मला येत नाही. तरी होळीच्या लेंगीची फीत मी पाचसहा वेळा ऐकली. मध्येच कोणी तरी काही म्हणतं, मोतीबाई गाता गाताच त्याला उत्तर देतात आणि सगळा तांडा हसतो. काय म्हणाल्या ते कळलं नाही, पण मीही हसले. तिसऱ्या फितीवर त्यांच्या स्वतःच्या लग्नातला ढावलो आहे. डब्यावर भगवानरावांनी लिहून ठेवलं आहे, ‘उत्तम नमुना’.

या ढावल्यात तेरा ओळी आहेत. जसं ऐकू आलं तसं देवनागरीत उतरवून सोबत पाठवते. आठवी, नववी आणि दहावी ओळ नीट लागत नाही, कारण यंत्राजवळच एक पुरुष फार मोठ्यानं रडतो आहे. आपण सगळ्याचा अर्थ लिहून पाठवावा, ही विनंती. एकही शब्द गळू नये, असं मला मनापासून वाटतं.

आपली,
सत्यशीला मानवटकर


दारव्हा
२७ जून १९६४

सत्यशीलाबाईंना खेमसिंग राठोडचा राम राम.

पत्र पोचलं. शाळा उघडण्याच्या गडबडीत उत्तराला उशीर झाला.

पुस्तकाला उपयोग व्हावा म्हणून आधी रीत सांगतो. आमच्यात मुलगी सासरी निघाली की आई, बाप, भाऊ, मावशी अशा एकेकाच्या गळ्यात पडून गाण्यातच रडते. तो ढावलो. म्हाताऱ्या बाया तो लग्नाआधी शिकवतात. त्यात मुलगी आईबापाला, भावाला काहीही बोलली तरी त्याला उत्तर द्यायचं नाही आणि मनात धरायचं नाही. जिला छान रडता येतं तिला घरच्यांनी चांगलं वळण लावलं, असं मानतात. माझ्या बहिणीसारखा ढावलो आमच्या भागात कोणी म्हटला नाही, असं लोक आजही बोलतात.

दहा ओळींचा अर्थ सोबत आहे. नमुन्यादाखल: ‘याडी, तुझ्या दारच्या लिंबाची सावली मी कोणाला सांगून सोडू?’ याडी म्हणजे आई. ‘बापू, तुझ्या बैलांना नावानं हाक मारणारी मी आजपासून परकी.’ अशाच सगळ्या आहेत.

मधल्या तीन मलाही लागल्या नाहीत. त्या जागी टिंबं द्यावीत. अर्थामध्ये काही उणं पडणार नाही. मोतीबाई राजूरला सुखात आहे, दिवाळीला येऊन जाऊन असते.

खेमसिंग राठोड


यवतमाळ
११ जुलै १९६४

आदरणीय गुरुजी,

जय भीम. अर्थ मिळाला, फार आभार. लिंबाच्या सावलीची ओळ मी टेबलासमोर लिहून लावली आहे.

टिंबं द्यायला मात्र मन घेत नाही. त्याचं कारण सांगते. परवा माझी आई पंचफुलाबाई डोळे दाखवायला नेरहून आली होती. दवाखान्यात दुपारनंतरचा नंबर होता, म्हणून भगवानरावांना विचारून तिला कार्यालयात बसवलं. मी ढावलो लावला. आईला अक्षर येत नाही, गोरबोलीचा एक शब्द येत नाही. ती पदर तोंडाला लावून ऐकत होती. मधल्या ओळी आल्या आणि म्हणाली, “हे गानं नोय वं बाई. हे कोनाले तरी बोलून राह्यली.”

मी म्हटलं, “आई, तुला भाषा तरी कळते का?”

“भाषा कायले पाह्यजे? तुह्या आत्यासंग मी पंधरा वर्सं भांडली. भांडनाचा आवाज मले भितीआडूनबी वळखू येते.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “आन हा बाप्या काहून एवढा भोंगा लावून राह्यला? तिले बोलूच देत नाई मेला!”

भगवानराव हसले. मीही हसले, पण आई दवाखान्यात गेल्यावर तेवढाच भाग पुन्हा पुन्हा लावला. कानावरचे भोंगे लावून, हातानं फीत सावकाश फिरवली. तीन शब्द आता मला नक्की ऐकू येतात: दारव्हा, पाटी आणि खेमा. पाटी म्हणजे शाळेतली पाटीच का? आणि खेमा म्हणजे आपण का?

विचारण्यात काही चुकलं असेल तर क्षमा करा. पण जी बाई हे म्हणून गेली तिच्या जागी टिंबं देणं मला बरोबर वाटत नाही.

आपली,
सत्यशीला


दारव्हा
२२ जुलै १९६४

सत्यशीलाबाईंना,

राम राम. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

रडणारा तो बाप्या मी. बहीण सासरी जाताना भाऊ रडतो. गळ्यात पडलेली बहीण, भोवती बाया, आणि स्वतःच्या डोळ्यांना धार. त्यात कोणाला काय ऐकू येतं? तेव्हा आलं नाही आणि आज तुम्ही लिहून पाठवल्यावरही लागत नाही. ‘खेमा’ असेल. भावाचं नाव ढावल्यात येतंच.

तुम्ही शिकलेल्या आहात. तुमच्यासारख्या मुली पुढं आल्या याचा मला शिक्षक म्हणून आनंद आहे. म्हणून समजुतीचं सांगतो. या ओळींच्या मागं लागू नये. पुस्तक माझ्या शाळेत येईल, आमचे लोक वाचतील. माझी पत्नी रुक्माबाई ही मोतीबाईच्या नवऱ्याची बहीण आहे. दोन घरांतली गोष्ट आहे. दहा ओळी चांगल्या आहेत, तेवढ्या छापाव्यात, नाही तर सगळाच ढावलो वगळावा.

खेमसिंग राठोड


यवतमाळ
४ ऑगस्ट १९६४

सौ. मोतीबाई रामलाल आडे यांना,

जय भीम. मी यवतमाळच्या लोकगीत संग्रह मंडळातून लिहिते. सात वर्षांपूर्वी भगवानरावांनी आपली गाणी टेपवर घेतली होती. ती पुस्तकात घ्यायची आहेत. त्या वेळी आपली परवानगी कोणी विचारली होती असं वहीत दिसत नाही, म्हणून आज विचारते. पत्र कोणाकडून तरी वाचून घ्यावं.

ढावल्यातल्या तीन ओळी आम्हाला लागत नाहीत. आपल्या भावांना विचारलं, त्यांनाही त्या लागल्या नाहीत. त्या आपल्याला आठवतात का? छापाव्यात का? ‘नको’ म्हणालात तर छापणार नाही. हा शब्द माझा.

पुन्हा कधी आमच्या यंत्रापुढं गायला याल का, हेही विचारायचं होतं. आपली लेंगी मी रोज एकदा ऐकते.

सत्यशीला मानवटकर


राजूर, कोळसा खाण चाळ
३० ऑगस्ट १९६४

सत्यशीलाबाईले मोतीबाईचा राम राम.

तुमी लिवलं पत्र कोनाकडून वाचून घ्या. इथला पोस्टमनबी तसाच, पाकीट फोडाले बसला. मी म्हनलं, आन इकडं, मले येते. तो माह्याकडं पाहतच राह्यला. दारव्ह्याच्या शाळेत मी सहावीपर्यंत होती. पुढं अक्षराले हात नाई, म्हून वाकडं आहे, भागवून घ्या.

त्या ओळी मले आठवतात का म्हनून इचारता. ढावलो मले लालीबाई काकीनं शिकवला. दहा ओळी तिच्या. मधल्या तीन माह्या सोताच्या.

दादा मास्तर झाला तवा त्यानंच मले दारव्ह्याले नेलं. म्हने, मोती, तुले मॅट्रिक करतो. मंग त्याचं लगन निघालं. रुक्माभाभीच्या घरच्याईनं साटं घातलं, तुमची पोरगी आमच्या पोराले द्या, मंग आमची घ्या. बैठक बसली तवा मी भितीआड होती. मले वाटे दादा आता बोलन, मंग बोलन. तो खाली मान घालून काडीनं भुईवर रेघा मारत होता.

बापासमोर बोलाची मले सोय नोयती. आमच्यात पोरगी ढावल्यात काईबी बोलू शकते, म्हून मी तवाची वाट पाह्यली. त्याच्याच गळ्यात पडून म्हनल्या त्या ओळी. आन झालं काय, सारे म्हने, काय रडली पोरगी! तुमचे भगवानरावसायब “वा!” म्हने. मी रडता रडता त्याईच्याकडं पाह्यलं. लगनघरात पोरीच्या रडन्याले वा म्हनते का कोनी? सायबाले सांगजा मी याद ठेवलं म्हून.

आता माहं बरं आहे. नवरा खानीत आहे, मानूस वाईट नाई. दोन पोरी आहेत. माहेरी मी जात नाई. बाप मेला तवा गेलती, त्याच दिवशी परत आली. दिवाळीले येऊन जाऊन असते असं दादानं सांगितलं असन, तो सांगतेच सऱ्यायले.

छापाचं का नाई ते मंग सांगतो. आधी तुमी माहं एक काम करा. दादाले इचारा, त्यानं तवा ऐकलं होतं का नाई? तो लय रडत होता. त्याले ऐकू गेलंच नसन, असं धरून मी सात वर्सं त्याच्यावरचा राग गिळला. ज्याच्या कानापर्यंत गेलंच नाई त्याले काय बोलाव? पन मनातून ते जात नाई. त्याच्या तोंडचं खरं काय ते मले पाह्यजे.

मोतीबाई


यवतमाळ
५ सप्टेंबर १९६४

आदरणीय गुरुजी,

जय भीम. आपल्याला न सांगता मी मोतीबाईंना पत्र पाठवलं. रागावाल तर मी ऐकून घेईन. त्यांचं उत्तर सोबत जसंच्या तसं पाठवते आहे. ते वाचून झाल्यावर मी वेगळं काही विचारायची गरज राहत नाही.

आपल्याला तो आवाज पुन्हा ऐकावासा वाटला तर मंडळ दहा ते पाच उघडं असतं. त्या वेळी खोलीत मी कोणाला येऊ देणार नाही.

सत्यशीला


दारव्हा
९ ऑक्टोबर १९६४

सत्यशीलाबाईंना,

राम राम. परवा तुमच्या यंत्रावर तो आवाज ऐकला. पाणी मागितलं आणि आलो. आता लिहितो. हे पत्र तुम्ही मोतीबाईला पाठवावं.

‘ऐकू आलं नाही’ असं मी लिहिलं, ते खोटं आहे. तेव्हाही आलं होतं. त्या तीनमधली पहिली ओळ तिच्या तोंडून निघाली तेव्हाच मला कळलं की ही लालीबाई काकीची नाही. माझ्या मागं बापू होते, तांड्याचा प्रमुख नायक होता, आणि दोन हातांवर रुक्माबाईच्या घरची माणसं होती. पुढचं त्यांच्या कानी गेलं तर साटं मोडेल आणि दोन्ही लग्नं मोडतील, एवढंच माझ्या मनात आलं. मी मोठ्यानं रडायला लागलो. तिचा आवाज वर गेला की माझाही वर नेला. तुमच्या आईंनी सांगितलं ते बरोबर होतं.

आधी ते रडणं खोटं होतं. मग तिसऱ्या ओळीला खरंच रडू आलं. दोन्ही तुमच्या टेपवर आहे. कुठं बदललं ते मला परवा स्पष्ट ऐकू आलं. दुसऱ्या कोणाला येणार नाही. त्या दिवशी लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा.

तीन ओळींचा अर्थ असा:

‘खेमा, दारव्ह्याच्या शाळेत माझी पाटी भिंतीला टेकून ठेवली आहे.
मॅट्रिकपर्यंत शिकवतो म्हणालास, आणि बैठकीत खाली पाहून बसलास.
माझी पाटी देऊन नवरी आणलीस, वीरा, आता तिला तरी नीट वागव.’

वीरा म्हणजे भाऊ.

हे रुक्माबाईला वाचून दाखवलं. सात वर्षांत तिच्याशी या विषयावर मी बोललो नव्हतो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “मले ठाऊक होतं. तुमीच एकले कायले घाबरता? मीबी माह्या ढावल्यात रामलालले काई बोलली होती. तिथं तं यंत्रबी नोयतं. त्याले इचारा, याद आहे का म्हून.”

छापायचं की नाही हे मोतीबाईनं ठरवावं. माझी हरकत नाही.

खेमसिंग


यवतमाळ
१४ ऑक्टोबर १९६४

प्रिय मोतीबाई,

जय भीम. आपल्या प्रश्नाचं उत्तर गुरुजींनी स्वतः लिहिलं आहे. ते सोबत आहे. मी मध्ये काही घातलेलं नाही.

पाहिलं तेवढं सांगते. ते सकाळच्या गाडीनं आले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तो भाग तीन वेळा ऐकला. चौथ्यांदा लावू का विचारलं तर हातानंच नको म्हणाले. भगवानराव दारात आले होते. मी त्यांना ‘आत्ता नको’ म्हटलं, तेही परत गेले. आपला ‘वा’चा निरोप त्यांना नंतर दिला. त्यांनी डब्यावरची ‘उत्तम नमुना’ ही अक्षरं खोडली. तिथं काय लिहावं ते त्यांना अजून सुचलेलं नाही.

इतक्या वर्षांनी का होईना, खरं बोललं गेलं, याचं मला समाधान वाटतं. दिवाळी तीन आठवड्यांवर आली आहे. यंदा आपण दारव्ह्याला जाल, असं मला वाटतं.

आपली,
सत्यशीला


राजूर
२७ ऑक्टोबर १९६४

सत्यशीलाबाईले मोतीबाईचा राम राम.

दादाचं पत्र वाचलं. दोन दिवस ठेवून पुन्हा वाचलं.

तुमाले वाटलं मले बरं वाटन. तुमी भल्या आहा, म्हून तुमाले तसं वाटते. मले नाई वाटलं. त्यानं ऐकलं नाई, असं समजून मी त्याले माफ करून बसली होती. सात वर्सं केलेलं माफ एका पत्रात फुकट गेलं. यंदा दिवाळीले जाव, पोरीईले मामाचं घर दाखवाव, असं माह्याबी मनात आलं होतं. आता जात नाई.

पन खोटं कायले सांगू, डोकं हलकं झालं. मले वाटे, मी तवा वाऱ्यालेच बोलली. ते वाऱ्याले नोयतं.

रुक्माभाभीचं वाचून मी हसली. रामलाल जेवत होता. म्हनलं, तुह्या बहिनीनं ढावल्यात तुले काय म्हनलं होतं? तो म्हने, आता कोनाले याद. मंग दोन घास खाल्ले आन थांबला. मी वाढाले गेली तं नको म्हने. काय म्हनली होती ते अजून सांगत नाई. मीबी सोडत नाई.

छापा. तेराच्या तेरा. गानारी म्हून माहं नाव टाका, अर्थ लिवनारा म्हून दादाचं टाका. तो म्हनन बिननावाचं टाका, तं ऐकू नका. आन त्याचं रडनं टेपवरून पुसू नका, पुसता येत असन तरी. तेबी त्यानं केलंच होतं.

गायले मी येईन. लेंगी म्हनतो, तिजचे गाने म्हनतो. कोळशाच्या गाड्यावर इथल्या बायाईनं जोडलेलं एक आहे, ते लय वांड आहे, तुमच्या सायबाले भायेर बसवा लागन. ढावलो आता म्हनत नाई.

दादाले माहा एवढा निरोप लिवा. मी दारव्ह्याले येत नाई, त्यानं राजूरले याव. भाभीले संग आनाव. ज्याले ऐकू गेलं त्याच्यासंग भांडता येते, आन मले त्याच्यासंग भांडाचं आहे. आता बिनागान्यानं सांगतो, सारं, बैठकीपासून. त्यानं ऐकाव. पन त्याले सांगजा, इथं मोठ्यानं रडता येनार नाई. चाळीत रातपाळीचे मानसं दिवसा झोपले राह्यते.

मोतीबाई